नाहिदा खालांनी खटका ओढला

मोसुलमधल्या आमच्या गल्लीत वीज आली की ती सगळ्यात आधी कोणाच्या घरात शिरते असं विचारलं, तर शेंबडं पोरही नाहिदा खालांचं नाव सांगेल. सरकारी विजेला आमच्याकडे वतनी म्हणतात. ती आली की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला ओरडतो, "वतनी आली." मग ती हाक गच्चीवरून गच्चीवर पुढे जाते, आणि ती आमच्या दारापर्यंत येण्याआधीच खालांच्या पाण्याची मोटर घरघरायला लागलेली असते. त्यांना हे कसं जमतं ते देव जाणे.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी भिंतीवर चेंजओव्हरचा मोठा लोखंडी खटका आहे. वर ओढला की घर वतनीवर आणि खाली ओढला की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या अबू गझवानच्या जनरेटरवर. जनरेटर दिवसभर चालतो, पण त्याच्यावर दिवे, पंखे, फ्रिज एवढंच झेपतं. मोटर, एसी, धुण्याचं यंत्र ही सगळी चैन वतनीची. तिच्या येण्याजाण्याला काही धरबंध नाही, त्यामुळे ती आली की मोसुलमधली बाई हातातलं असेल ते टाकून खटक्याकडे धावते. खाला लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा नाकेबंदीचे दिवस होते आणि वीज गुलबकावलीच्या फुलासारखी दुर्मिळ होती. तेव्हापासून हा खटका त्यांच्याकडे. नवरा त्यांना चिडवायचा, "आमच्या घरच्या वीजमंत्री." पुढे लढाईच्या त्या महिन्यांत वतनीही नव्हती, जनरेटरही नव्हता, तारा रस्त्यावर लोळत होत्या. तरी खाला रोज सकाळी त्या खटक्यावरची धूळ पुसायच्या. नवरा गेला, तो त्याच वर्षी. खटका पुसणं तेव्हाही चुकलं नाही.

मुलगा रकान, एकुलता एक. त्याची बायको दालिया लग्नात एक कॉम्प्युटर आणि एक भरतकामाचं यंत्र घेऊन आली. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, ती यंत्राला द्यायची, मग यंत्राच्या सुया आपोआप कापडावर फुलं काढत जायच्या. नवरीचे झगे, अबायाच्या किनारी, बारशाची दुपटी, असं काय काय. खालांना सुरुवातीला ते अजिबात आवडलं नव्हतं. "एवढं मोठं धूड, आणि आवाज बघा. सुनेला जेवायला हाक मारावी तर तिच्याआधी यंत्रच ओ देतं," असं त्या शेजारणींना सांगायच्या.

मग रकानला बसऱ्याजवळच्या तेलाच्या विहिरीवर नोकरी लागली. महिन्यातून एकदा घरी यायचा आणि प्रत्येक वेळी बायकोला म्हणायचा, चल. दालियाचं उत्तर ठरलेलं होतं. "माझी गिऱ्हाइकं इथे आहेत. यंत्र इथे आहे. तिथे कंपनीच्या खोलीत भिंतींकडे बघत बसू?" हे एकदा खालांच्या कानावर पडलं आणि त्या दिवसापासून त्यांची त्या धुडाकडे बघायची नजरच बदलली. स्वतःची चांगली रेशमी ओढणी त्यांनी कॉम्प्युटरवर झाकायला दिली. सकाळी खटक्याच्या आधी त्याची धूळ पुसू लागल्या. एवढ्या मोठ्या घरात एकटीने राहायची त्यांना भीती वाटत होती, आणि सून या पेटीपायी इथे राहिली आहे हे त्या समजून चुकल्या होत्या. पेटी चालतेय तोवर घरात दोन पानं वाढली जातील, हा त्यांचा हिशेब.

तर यंदाच्या जुलैत रकानने बगदादहून कॉम्प्युटरसाठी नवा प्रोसेसर आणला. जुना फारच रेंगाळायचा, मोठी नक्षी उघडायला घेतली तर चहा होऊन पिऊनही व्हायचा. पण कॉम्प्युटरचा बोर्ड त्या नव्या पाहुण्याला ओळखेना. आधी बायोस नवा करायला हवा, म्हणजे बटण दाबल्यावर कॉम्प्युटरला जाग आणणारी जी लहानशी आज्ञावली बोर्डावरच्या चिपमध्ये असते, ती बदलायला हवी. दालियाने सगळं नीट वाचून घेतलं होतं. काम सुरू असताना वीज जाता कामा नये, एवढी एकच अट होती. आधाराची बॅटरी गेल्या उन्हाळ्यात फुगून गेली होती आणि सध्या तिच्यावर तुळशीएवढं पुदिन्याचं रोप उभं होतं. वतनीचा भरवसा कोण धरणार? म्हणून दालियाने अबू गझवानच्या जनरेटरवर काम करायचं ठरवलं. डिझेल आहे तोवर त्याचं इंजिन थांबत नाही, आणि सकाळीच टँकर येऊन गेला होता.

"आत्या, आता थोडा वेळ खटक्याला हात लावायचा नाही बरं का," ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. "क्षणभर वीज गेली तरी कॉम्प्युटर मरेल."

"बरं पोरी, बरं." खाला भात भरून करायच्या डोलम्यासाठी वांगी कोरत बसल्या होत्या. ऐकलं त्यांनी सगळं. कळलंही.

पाच-सात वांगी झाली असतील, तोच कोपऱ्यावरून हाक आली. "वतनी आली."

पुढचं खालांना नीट आठवत नाही. वांगं परातीत पडलेलं आठवतं. आपण उठलो कधी, दारापाशी गेलो कधी, काही नाही. हात खटक्यावर होता आणि खटका वर गेलेला होता. दोन तारांच्या मध्ये डोळ्याची पापणी लवेल एवढा वेळ घरात कुठलीच वीज नसते. फ्रिजने एक आचका दिला, एसी गुरगुरला, मोटर सुरू झाली. सवयीने खालांनी धुण्याच्या यंत्राचं बटणही दाबलं, आणि मग त्यांना आठवलं.

दालिया दारात उभी होती.

"आत्या," ती म्हणाली. बस, एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

कॉम्प्युटरचा पडदा काळा. पंखा फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा. दालियाने बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी काढून पुन्हा घातली. मग फोनवर वाचून वाचून एका पेनड्राइव्हमध्ये बायोसची फाइल भरली, तिला कंपनीने सांगितलेलं नाव दिलं आणि तो खोचला, कारण काही बोर्ड म्हणे अशा वेळी स्वतःच ती फाइल उचलून घेतात. हा बोर्ड काही उचलेना. पेनड्राइव्हचा दिवा एकदा लुकलुकला आणि गप्प झाला. खाला चहाचा पेला घेऊन दारात उभ्या राहिल्या, तो गार झाला, त्यांनी दुसरा आणला, तोही गार झाला.

संध्याकाळी रकानचा फोन आला. दालिया सुयांच्या यंत्राला तेल देत होती, म्हणून तिने फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता. खाला बाहेरच्या खोलीत तस्बीची माळ ओढत बसल्या होत्या. मणी सरकत नव्हते.

"नवा बोर्ड घे," रकान म्हणाला.

"नव्या बोर्डावर भरतकामाचा प्रोग्राम चालणार नाही. तो याच बोर्डाच्या नंबरला बांधलेला आहे. आणि विकणारा दुकान बंद करून कधीच निघून गेला. परवानगी आता कोणाकडे मागू?"

"पण झालं कसं?"

"वीज गेली."

"हे बघ, आता तरी ये. इथे कुटुंबवाल्यांना दोन खोल्या देतायत. आईला एर्बिलला मामाकडे ठेवू. तिचंही आता वय झालंय."

आजवर अशा वेळी सून फाडकन नाही म्हणायची.

"बघू," दालिया म्हणाली.

खालांनी तस्बी गुंडाळून बाजूला ठेवली.

सकाळी दालिया एका गिऱ्हाइकाला, नवरीकडच्यांना, भेटायला गेली. त्यांच्या झग्याची किनार अर्धी राहिली होती, आणि तसं तोंडावर सांगायला हवं होतं. ती गेली आणि खालांनी हिवाळ्यातली लोकरी रजई काढली, कॉम्प्युटरची पेटी तिच्यात गुंडाळली आणि रस्त्यावर येऊन टॅक्सीला हात केला. टॅक्सीवाला म्हणाला, "खाला, मागे डिकीत ठेवू का?" खालांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे गाडीसुद्धा सावकाश चालवू लागला. पेटी त्यांनी मांडीवर घेतली. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं आणि खाला लोकरी रजईला कवटाळून बसल्या होत्या.

विद्यापीठासमोरच्या बोळात सिनानचं दुरुस्तीचं दुकान आहे. सिनान म्हणजे खालांच्या जुन्या मैत्रिणीचा मुलगा, रांगायचा तेव्हापासून त्यांनी पाहिलेला. आता टक्कल पडलंय, पण खालांपुढे अजून सिगारेट विझवतो.

"या खाला. दालियाचा काल फोन आला होता, मीच म्हटलं, पेटी आणून दाखव," तो म्हणाला. "अबू गझवानचं इंजिन भर कामात गचकलं म्हणे. आवाज विमानाचा करतं, तर त्याला आता विमानतळावर नेऊन ठेवायला पाहिजे, उडवायला."

"काय म्हणाली?"

"इंजिन गचकलं. का, नाही गचकलं?"

खाला खाली बसल्या. सुनेने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, हे त्यांनी काल ऐकलंच होतं. पण इथेही नाही. कोणालाच नाही. रात्रभर त्यांनी मनातल्या मनात सुनेशी भांडणं केली होती, ती काय काय बोलेल आणि आपण काय काय सांगू याची तयारी केली होती. ती सगळी तयारी आता डोळ्यांतून बाहेर यायला लागली.

"मी ओढला खटका," त्या म्हणाल्या. "तिने बजावून सांगितलं होतं. तरी ओढला."

सिनान हसला नाही, म्हणजे हसू आलं ते त्याने मिशीत दाबलं. "खाला, माझी आई दातवाल्याकडे तोंड उघडून बसली होती. रस्त्यावरून वतनीची हाक आली. उठली, तशीच आ वासून, आणि त्याच्या दवाखान्याचा खटका ओढून आली. तुम्ही निदान स्वतःच्या घरातला ओढलात."

मग त्याने पेटी उघडली, बोर्ड बाहेर काढला आणि खालांना एक नखाएवढी काळी चिप दाखवली. "ही. हिच्यातलं लिखाण अर्धवट राहिलंय. मी हिला चिमटा लावून माझ्या लॅपटॉपवरून नवं लिहू शकतो, ते अवघड नाही. अवघड वेगळंच आहे. याच चिपच्या एका कोपऱ्यात या बोर्डाचा स्वतःचा नंबर असतो. प्रोग्राम तोच बघतो. वीज गेली तेव्हा तो कोपरा पुसला गेला असेल, तर कॉम्प्युटर जागा होईल, पण भरतकाम काही उघडणार नाही."

"म्हणजे माणूस वाचला, पण आपलं नाव विसरला."

"अगदी तसंच. म्हणून आधी आहे ते उतरवून घ्यायचं. एकदा लिहायला घेतलं की मागे फिरता येत नाही."

त्याने चिमटा लावला. लॅपटॉपने चिपमधलं सगळं वाचून घेतलं. सिनानने खात्रीसाठी पुन्हा वाचायला लावलं, तर दोन्ही वेळचं जुळेना. त्याने चिपचे पाय स्पिरिटने पुसले, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. चिमट्याची स्प्रिंग सैल झाली होती, जरा सोडला की एखादा पाय सुटायचा. "हा धरायला तिसरा हात पाहिजे," तो वैतागून म्हणाला, आणि खालांनी आपला हात पुढे केला.

"हा?" सिनान म्हणाला.

"हाच. दुसरा आणू कुठून?"

त्याने त्यांची बोटं चिमट्यावर बसवली. वरून दाबायचं, फार जोरात नाही, आणि काही झालं तरी हलायचं नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकायला लागली. खालांनी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर लावली.

पट्टी अर्ध्यावर आली असेल, तेव्हा बोळाच्या टोकाला कोणीतरी ओरडलं. "वतनी आली."

सगळा बोळ उठला. खुर्च्या सरकल्या, शटर वाजले, पलीकडच्या झेरॉक्सवाल्याने तर पळताना बाक पाडला. सिनान स्वतः अर्धा उठला होता, त्याचा हात दुकानाच्या खटक्याकडे निघाला होता, मग तो लाजून परत बसला. खालांच्या पायांनी उठायला घेतलं होतं. गुडघे ताठ झाले, पाठ पुढे आली, कपाळाला घाम फुटला. घरी टाकी रिकामी असेल, धुणं पडलंय, वतनी आली आहे आणि आपण बसलोय, असं त्यांचं सगळं अंग ओरडत होतं. पण बोटं चिमट्यावर होती. ती तिथेच राहिली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मनात सुनेचं नाव घेत राहिल्या.

"झालं," सिनान म्हणाला. "आता दोन्ही सारखं आलं. सोडा."

बोटं सुटेनात. त्यानेच ती एकेक करून उचलली.

बोर्डाच्या कडेला एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर तो नंबर छापलेला होता. सिनानने लॅपटॉपवर चिपमधला कोपरा उघडला. "चष्मा लावा आणि वाचा." खाला एकेक अक्षर, एकेक आकडा मोठ्याने वाचत गेल्या, आणि तो पडद्यावर बोट ठेवून हं, हं करत गेला. मधे एकदा हं आलं नाही.

"पुन्हा सांगा. आठ का तीन?"

खालांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "आठ. आठच आहे."

"हं," सिनान म्हणाला. "आहे. सगळा आहे. कोपऱ्याला धक्का लागलेला नाही."

बाकीचं मग त्याने बघता बघता केलं. नव्या लिखाणात तो जुना कोपरा जसाच्या तसा बसवला, खालांचा हात पुन्हा चिमट्यावर ठेवला, आणि चिप लिहून काढली. बोर्ड पेटीत गेला, वायरी लागल्या, बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग पेटीने एक बारीक टूं केलं आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. खालांच्या जिवात जीव आला. सिनान पैशाचं नाव काढू देईना, तेव्हा त्या म्हणाल्या की उद्या डोलमा पाठवते, आणि त्याने ते लगेच मान्य केलं.

टॅक्सी गल्लीत वळली तर घराच्या फाटकाशी माणसं. मधे अबू गझवान, अंगावर डिझेलचे डाग, आणि त्याच्यासमोर दालिया, पांढरी पडलेली. सिनानने काल दोघांना सांगितलं असणार, त्यांनी चौघांना, आणि सकाळपासून अख्खी गल्ली त्याच्या इंजिनाचा उद्धार करत होती.

"दीदी, काय वाटेल ते बोला," अबू गझवान म्हणत होता. "महाग म्हणा, चोर म्हणा, मला सवय आहे. पण माझं इंजिन काल थांबलं नव्हतं. मी तिथे उभा होतो. खोटं कशाला?"

खाला रजईतली पेटी घेऊन खाली उतरल्या.

"अबू गझवान," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुझं इंजिन चोख आहे. खटका मी ओढला. मला सांगितलेलं होतं, तरी ओढला. तुला नाहक बोल लागला, माफ कर बाबा."

इतकी वर्षं गल्ली अबू गझवानला शिव्या देत आली होती, माफी मागायची वेळ कोणावर आली नव्हती, आणि आली की काय करायचं असतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने डिझेलचे हात शर्टाला पुसले, खालांच्या हातातली पेटी घेतली आणि आत नेऊन ठेवली. जाताना म्हणाला, "खाला, तुमच्या घरचे जनरेटरचे अँपियर मी आज थोडे वाढवून देतो," आणि निघून गेला.

आत आल्यावर दालिया म्हणाली, "आत्या, कशाला सांगितलंत सगळ्यांसमोर?"

"तू कशाला लपवलंस?"

दालियाने रजईची घडी घालायला घेतली, ती हिवाळ्यातली रजई, दोनदा घातली, दोनदा मोडली. "तुमचं नाव घेतलं असतं तर रकान काय म्हणाला असता? आईचं वय झालं, तिला आता कळत नाही, एर्बिलला नेऊन ठेवू. तो निमित्तच शोधतोय."

खालांनी मान हलवली. मग त्या उरलेली वांगी कोरायला निघून गेल्या.

दालियाने नवा प्रोसेसर बसवला आणि वायरी जोडल्या. कॉम्प्युटर उठला, नव्या प्रोसेसरला ओळखून उठला. मग तिने भरतकामाच्या प्रोग्रामवर बोट ठेवलं. खाला स्वयंपाकघरात सुरी धरून कान देऊन उभ्या होत्या. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग सुयांचं यंत्र सुरू झालं, तोच तो धडधडाट, ज्याच्याबद्दल त्यांनी गल्लीभर कागाळ्या केल्या होत्या. खालांनी सुरी खाली ठेवली आणि ओढणीच्या टोकाने डोळे टिपले.

तेवढ्यात फोन वाजला. रकान. दालियाने पुन्हा आवाज मोठा करून ठेवला, हात नक्षीत गुंतले होते.

"मग? कधी येतेस?"

"येत नाही," दालिया म्हणाली. "कॉम्प्युटर झाला. आणि तुझ्या आईला एकटं सोडायची सोय नाही. हाताला खटक्याची खोड आहे, कोणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे."

"कसली खोड?"

"घरी आलास की दाखवते. ठेव आता, मला नवरीचा झगा पुरा करायचाय."

खाला तोंडावर हात धरून हसत होत्या आणि रडतही होत्या, तेव्हाच कोपऱ्यावरून हाक आली, गच्च्यांवरून पुढे सरकत आली. "वतनी आली." खाला उठल्या, खटक्यापाशी गेल्या, हात वर नेला. आणि थांबल्या. आजूबाजूच्या घरांत मोटरी सुरू झाल्या. एक, मग दुसरी. या घरची मोटर आज गल्लीत सगळ्यात मागे राहिली.

"दालिया," त्यांनी हाक मारली, "ओढू का ग?"

आतलं यंत्र थांबलं. नक्षी जपून ठेवायच्या कळा दाबल्याचा आवाज आला.

"ओढा, आत्या," दालिया म्हणाली.